ॲडमिरल रामदास : गणवेश उतरल्यानंतरची देशसेवा

भारतीय नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचे १५ मार्च २०२४ रोजी सिकंदराबाद येथे वयाच्या ९० व्या वर्षी निधन झाले. भांडवली वृत्तपत्रांनी त्यांच्या पदकांची यादी छापली, शोकसंदेश दिले आणि विषय संपवला. पदकांपलीकडच्या तीस वर्षांविषयी मात्र बहुतेकांनी मौन पाळले. हे मौन अजाणतेपणाचे नव्हते. सेनाप्रमुखपदावरून उतरलेला माणूस युद्धज्वराविरुद्ध, अण्वस्त्रांविरुद्ध आणि धर्माच्या नावाने चाललेल्या द्वेषाच्या राजकारणाविरुद्ध जाहीरपणे उभा राहतो, ही गोष्ट सत्ताधारी वर्गाला अडचणीचीच असते.

सैन्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर निवृत्तीनंतरचा मार्ग आखून ठेवलेला असतो. कोणी राजभवनात जातो, कोणी शस्त्रास्त्र कंपन्यांची सल्लागारी पत्करतो, कोणी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रोज संध्याकाळी शेजारी राष्ट्राला धडा शिकवण्याची भाषा करतो. रामदासांनी अलिबागजवळच्या भाईमळा या खेड्यात घर केले व शेती केली. त्यांच्या पत्नी ललिता रामदास यांच्यासह ते सार्वजनिक कार्यात उतरले.

नौदलातील चार दशके

५ सप्टेंबर १९३३ रोजी मुंबईत माटुंगा येथे जन्मलेल्या रामदासांनी १९४९ साली डेहराडूनच्या सैनिकी प्रबोधिनीत प्रवेश घेतला आणि १९५३ साली ते नौदलात अधिकारी झाले. १९७१ च्या युद्धात ‘बियास’ या युद्धनौकेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याची नाकेबंदी करणाऱ्या पूर्व ताफ्यात ही नौका होती. या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे दक्षिण व पूर्व अशा दोन्ही नौदल विभागांचे प्रमुखपद सांभाळून १९९० च्या अखेरीस ते नौदलप्रमुख झाले व सप्टेंबर १९९३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९२ साली, नौदलात अधिकारी म्हणून स्त्रियांची भरती सुरू झाली. या स्त्रियांचा कायम नियुक्तीचा हक्क मान्य होण्यासाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२० च्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली.

१९७१ आणि १९९२ या दोन सालांमध्ये भारतीय नौदलाच्या वाटचालीतील एक मोठे वळण दडलेले आहे. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेने आपली ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली होती. बांगलादेशच्या मुक्तिलढ्याच्या ऐन निर्णायक क्षणी भारताला दहशत घालणे हा तिचा हेतू होता. कराचीवर हल्ला करणाऱ्या भारतीय क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या, हेही विसरता येत नाही. अवघ्या दोन दशकांनी, १९९२ साली, त्याच अमेरिकेच्या नौदलासह ‘मलबार’ या संयुक्त कवायती सुरू झाल्या. त्या वेळी नौदलप्रमुखपदी रामदास होते. सोव्हिएत संघ कोसळला होता, सुट्या भागांची टंचाई भासत होती आणि दिल्लीतील सरकारने नव्या आर्थिक धोरणाबरोबर परराष्ट्र धोरणाचीही दिशा बदलण्यास प्रारंभ केला होता. हा निर्णय सरकारचा होता. पण नौदलप्रमुखाचे स्थान त्या यंत्रणेतच असते, हे सत्य आदराखातर झाकण्याचे कारण नाही. २००७ साली पाच देशांच्या नौदलांनी बंगालच्या उपसागरात या कवायती केल्या, तेव्हा डाव्या पक्षांनी कोलकाता आणि चेन्नई येथून विशाखापट्टणमकडे जथे नेऊन त्यांना विरोध केला.

शत्रू कोण?

युद्ध प्रत्यक्ष लढलेला माणूस युद्धाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे रामदासांच्या निवृत्तीनंतरच्या जीवनातून दिसते. भारत व पाकिस्तानातील जनतेने एकमेकांशी थेट बोलावे, या हेतूने स्थापन झालेल्या ‘शांतता व लोकशाहीसाठी पाकिस्तान-भारत जनमंच’ या संघटनेच्या भारतीय शाखेचे ते अध्यक्ष झाले. या मंचाचे पहिले संयुक्त अधिवेशन फेब्रुवारी १९९५ मध्ये दिल्लीत भरले. २००४ साली त्यांना आणि पाकिस्तानातील ज्येष्ठ पत्रकार व मानवी हक्कांचे कार्यकर्ते आय. ए. रहमान यांना संयुक्तपणे मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या आणि दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. रामदासांनी त्या उन्मादाला विरोध केला. अण्वस्त्रांमुळे युद्ध टळते, हा सिद्धांत वर्षभरातच कारगिलच्या डोंगरांवर कोसळला. पुढे ‘अण्वस्त्रमुक्ती व शांतता आघाडी’च्या कार्यात ते सहभागी राहिले.

वैराच्या या राजकारणाची किंमत कोण मोजतो, हे अरबी समुद्रात दिसते. सर क्रीकचा वाद सुटलेला नाही आणि पाण्यावर रेषा आखता येत नाही. माशांच्या मागे गेलेली होडी कधी इकडचे तटरक्षक दल पकडते, कधी तिकडचे. गुजरातच्या होड्यांवर मजुरीसाठी जाणारे डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी कराचीच्या तुरुंगात खितपत पडतात, तर सिंधचे गरीब कोळी गुजरातच्या तुरुंगात. शिक्षा संपल्यावरही सुटका होत नाही. मालकाची होडी जाते, खलाशाच्या आयुष्याची वर्षे जातात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी व १ जुलै रोजी दोन्ही सरकारे कैद्यांच्या याद्यांची देवघेव करतात. याद्या बदलल्या जातात, माणसे मात्र तेथेच राहतात. या कोळ्यांचा प्रश्न जनमंचाने सातत्याने मांडला.

किनाऱ्यावरची लढाई

रामदासांची शांततेची कल्पना परिषदांच्या सभागृहांपुरती मर्यादित राहिली नाही. रायगड जिल्ह्यात पेण, उरण, पनवेल तालुक्यांतील शेतजमीन रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढ्यात उतरले. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत जनमताचा कौल घेणे सरकारला भाग पडले आणि अखेर ते भूसंपादन बारगळले. त्या लढ्याच्या बाजूने रामदास दांपत्य उभे होते. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाविरुद्ध शेतकरी व मच्छीमार उभे ठाकले, तेव्हाही ते त्यांच्यासोबत होते. प्रशासनाने त्यांना तेथे जाण्यास मनाई केली. ज्याने देशाच्या संपूर्ण सागरी सीमेचे रक्षण केले, त्याच्यावर कोकण किनाऱ्याच्या एका पट्ट्यात बंदी! राज्ययंत्रणेला राष्ट्राची सुरक्षितता आणि कंपन्यांची सुरक्षितता यांतील फरक कळेनासा झाला की असेच घडते.

सैन्य कोणाचे?

ऑक्टोबर २०१५ मध्ये, अल्पसंख्याकांवरील व विचारवंतांवरील हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर, त्यांनी राष्ट्रपती व पंतप्रधानांना खुले पत्र लिहून देशाला हिंदुराष्ट्र बनवण्याच्या प्रयत्नांचा निषेध केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हत्याकांडानंतर त्यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिले. जवानांच्या बलिदानाचा मतांसाठी वापर होऊ देऊ नये, एवढीच मागणी त्यात होती. आयोगाने मार्चमध्ये तशी सूचनाही काढली. तरीही त्याच निवडणुकीत उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी भारतीय सैन्याला पंतप्रधानांची सेना म्हटले, आणि आयोगाने जपून बोलण्याची समज देण्यापलीकडे काही केले नाही. सैन्य घटनेशी बांधील असते, व्यक्तीशी नव्हे, हा लोकशाहीचा पहिला धडा एका निवृत्त नौसेनानीला पुन्हा द्यावा लागला.

मर्यादा आणि वारसा

रामदासांच्या विचारांना मर्यादा होत्या. व्यवस्थेचा रोग नैतिक शुद्धीने बरा होईल, या विश्वासाने ते आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले. मार्च २०१५ मध्ये अंतर्गत मतभेदांच्या वादळात त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. प्रामाणिक माणसे नेमल्याने पक्षाचे वर्गस्वरूप बदलत नाही, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

भारतीय नौदलाच्या इतिहासात देशभक्तीची आणखी एक परंपरा आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ तळावरील साध्या नाविकांनी साम्राज्याविरुद्ध बंड पुकारले. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांतून पेटलेल्या त्या संपात हिंदू व मुसलमान नाविक खांद्याला खांदा लावून लढले. कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून २२ फेब्रुवारीला मुंबईतील गिरणी कामगार रस्त्यावर आले. त्या दिवशी परळला गोळीबारात कमल दोंदे हुतात्मा झाल्या. त्या नाविकांना पदके मिळाली नाहीत. त्यांना अटक झाली, नोकऱ्या गेल्या आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना पुन्हा सेवेत घेतले गेले नाही.

रामदास त्या खालच्या डेकवरून आलेले नव्हते. ते अधिकारी वर्गातले होते. पण आयुष्याच्या उत्तरार्धात ते ज्या बाजूला येऊन उभे राहिले, ती बाजू त्या नाविकांचीच होती : धर्मभेदाविरुद्ध, साध्या माणसाच्या सन्मानासाठी. म्हणून केवळ गौरवाच्या ठरावाने त्यांची आठवण पुरी होणार नाही. दोन्ही देशांच्या तुरुंगांतील मच्छीमारांची सुटका, अण्वस्त्रांना विरोध, परकीय लष्करी आघाड्यांपासून अलिप्तता आणि सैन्याला निवडणुकीच्या आखाड्यापासून दूर ठेवणे, ही अपुरी राहिलेली कामे डाव्या व लोकशाही शक्तींनी खेड्यापाड्यांत, बंदरांत आणि गोद्यांत नेली पाहिजेत. शांततेची मागणी करणाऱ्याला देशद्रोही ठरवणाऱ्यांना तेच खरे उत्तर होईल.