क्लीनरची सीट रिकामी

ट्रकमालक बोंबलतायत : पोरं धंद्यात येत नाहीत, आली तर टिकत नाहीत. आळशी झालीत म्हणे!

दोस्तांनो, 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाचे 8 तास ठरवले होते. हायवेवर ते कुणी पाळले? वस्तीतलं पोरगं क्लीनर म्हणून चढतं; ना नेमणूकपत्र, ना पीएफ, झोप गाडीखाली. 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. बरं झालं. पण जागायचं ते रात्रभर जागायचंच.

अपघातात थांबला तर जमाव मारतो, पळाला तर 10 वर्षांपर्यंत कैद. या कलमाविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. पंपांवर रांगा लागल्या, सरकारनं कलम रोखलं.

मालक, पोरगं पाहिजे? 8 तासांनी दुसरा ड्रायव्हर बसवा. पगार कागदावर द्या.