आगगाडीतील खून आणि शिष्ट रसिक

धावत्या आगगाडीत घडणाऱ्या खुनांचे जुने बोलपट आपणांस आवडतात, हे सुशिक्षित मनुष्य चारचौघांत जरा चाचरतच सांगतो. ‘डोक्याला विसावा म्हणून पाहतो, झाले!’ ही पुस्ती जोडल्यावाचून त्याच्याने राहवत नाही. आमचा आक्षेप या पुस्तीस आहे. शोकांतिका पाहून आलेला गृहस्थ अशी क्षमा मागत नाही. मग यानेच का मागावी?

शिष्टांचा पहिला मुद्दा असा की, गुपित एकदा फुटले म्हणजे अशा चित्रपटात चोथाच उरतो. आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९३८ सालचा ‘द लेडी व्हॅनिशेस’ घ्या. मिस फ्रॉय नावाची एक प्रौढ इंग्रज बाई चालत्या गाडीतून नाहीशी होते, आणि तिच्यासमवेत चहा घेतलेल्या तरुणीस जो तो सांगू लागतो की, अशी बाई गाडीत नव्हतीच. कटातले लोक खोटे बोलतात, यात नवल ते काय? परंतु ज्यांचा कटाशी काडीइतकाही संबंध नाही तेही खोटेच बोलतात. दोघा क्रिकेटवेड्या गृहस्थांस भीती ही की, चौकशीपायी गाडी थांबली तर मँचेस्टरचा सामना हुकेल. एका बॅरिस्टरास भीती ही की, साक्ष द्यावी लागल्यास सोबतची स्त्री आपली पत्नी नव्हे हे उजेडात येईल. म्युनिकचा करार झाला त्याच वर्षीचा हा बोलपट आहे. अखेरीस गाडीवर गोळ्या झडत असता हाच बॅरिस्टर पांढरा रुमाल हालवीत खाली उतरतो आणि गोळी लागून कोसळतो. ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणणाऱ्या सज्जनांची याहून कडक हजेरी त्या वर्षीच्या किती अग्रलेखांनी घेतली असेल? हे सारे पाहताना गुपित ठाऊक असले म्हणून बिघडते कोठे?

दुसरा मुद्दा खोटेपणाचा. खिडकीबाहेरचे डोंगर पडद्यावरचे, गाडी खेळण्यातली! आहेच मुळी. चित्रण सुमारे ९० फुटांच्या जागेत झाले व डबा एकच होता, हे खुद्द हिचकॉक यांनीच सांगून ठेवले आहे. पण खिडकीच्या काचेवर बोटाने लिहिलेले त्या बाईचे नाव गाडी बोगद्यात शिरताच नाहीसे होते, आणि पुढे स्वयंपाक्याने फेकलेल्या केरातील चहाच्या पुडीचा कागद क्षणभर काचेस चिकटून उडून जातो, तेव्हा प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकतो. बाहेर खरे आल्प्स असते तर तो अधिक चुकला असता काय?

अडचण हेच या प्रकाराचे भांडवल होय. रिचर्ड फ्लायशर यांच्या १९५२ च्या ‘द नॅरो मार्जिन’मध्ये एका गुंडाच्या विधवेस साक्षीसाठी शिकागोहून लॉस एंजेलिसला नेणारा पोलीस डब्याच्या बोळात अडकतो तो एका लठ्ठ उतारूमुळे. पार्श्वसंगीत असे जवळजवळ नाहीच. चाकांचा खडखडाट तेवढे काम करतो. सुमारे ७१ मिनिटांत कथा संपते. आजच्या चित्रपटांत तेवढ्या वेळात नायकाची ओळखही पुरी होत नाही.

आमचा खरा राग आहे तो जुन्यास नवे रूप देऊ पाहणाऱ्यांवर. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३४ च्या कादंबरीवरून केनेथ ब्रॅना यांनी २०१७ साली ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ काढला. बर्फात गाडी अडकली. परंतु दिग्दर्शकास डब्यात करमेना. मग उंच पुलाच्या सांगाड्यावरून पाठलाग आला, आणि शेवटची झडती तर चक्क बोगद्याच्या तोंडाशी टेबल मांडून! ज्या संशयितास मोकळ्या हवेत आणून बसविले त्याचा कोंडमारा तो कसला होणार?

याच कादंबरीवरचा सिडनी ल्यूमेट यांचा १९७४ चा चित्रपट याच्या शेजारी ठेवून पाहावा. इन्ग्रिड बर्गमन यांनी रंगविलेल्या भाबड्या मिशनरी बाईची उलटतपासणी तेथे जवळजवळ एका सलग चित्रणात होते. कॅमेरा हळूहळू तिच्याभोवती फिरतो. त्या बाईस उठून जाण्यास वाव नाही, आणि आपणांसही नाही. त्या भूमिकेस ऑस्कर मिळाले ते उगीच नव्हे. ज्यांनी हा चित्रपट एकदा पाहिला आहे त्यांनी तो अवश्य पुन्हा पाहावा. मात्र या खेपेस प्वारोच्या मिशांकडे लक्ष न देता, तो एकास प्रश्न विचारीत असता बाकीच्यांचे चेहरे काय करीत असतात तेवढेच न्याहाळावे.