आधी सातबारा कुलपात ठेवा



महाबळेश्वर तालुक्यातल्या एका आईचे पत्र आले आहे. लेकीने जी.एन.एम.चा तीन वर्षांचा कोर्स पुरा केला, वर्षभर साताऱ्याच्या एका दवाखान्यात ड्यूटी केली. आता आखातात नोकरी लावून देतो म्हणून एक एजंट आठ लाख मागतो आहे. "आमचे मालक म्हणतात, स्ट्रॉबेरीचे रान गहाण टाकू, पोरगी दोन वर्षांत फेडील. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणते, आधी सातबारा ट्रंकेत घालून कुलूप लावा. मग बोलू.

मुलीने जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. हे काम आपल्या मुलखाला नवे नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ काढले. तुमच्या शेजारचे पाचगणीचे बेल एअर एके काळी क्षयाच्या रोग्यांसाठी होते. आता तिथे नर्सिंगही शिकवतात. केरळच्या मुली तर कित्येक वर्षे परदेशी जात आहेत, त्यांच्या पैशावर घरे उभी राहिली, धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. पण त्याच केरळातले दुसरेही ऐका. २०१५ साली कुवेतसाठी नर्स भरती करणाऱ्या कोचीच्या एका एजन्सीवर सी.बी.आय.ने गुन्हा नोंदवला. १९,५०० रुपये घ्यायचे तिथे साडेएकोणीस लाख घेतले, असा आरोप होता. त्याच्या आदल्या वर्षी इराकात टिक्रितला लढाईत ४६ नर्स अडकल्या होत्या. जुलै २०१४ मध्ये त्या सुखरूप परतल्या, पण आधी काहींचा पाय निघत नव्हता. पगार थकलेला आणि घरी कर्ज डोक्यावर. गोळीपेक्षा सावकाराची भीती मोठी!

आता हिशेब. परदेशी नोकरी लावणाऱ्या परवानाधारक एजंटाला सरकारी नियमाने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. घेता येतो, तोही पावती देऊन. मग आठ लाख कशाचे? त्याला परवान्याचा नंबर विचारा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर ताडून पाहा. गावातला कॉलेजात जाणारा कुठलाही पोरगा मोबाईलवर पाहून देईल. नंबर सांगताना एजंट चाचरला, तर चहा पाजून वाटेला लावा. आखाती देशांत जाणाऱ्या नर्सला २०१५ पासून सरकारची परवानगी लागते. "टुरिस्ट व्हिसावर जाऊ, मग बघू" म्हणणाऱ्याला तर चहासुद्धा नको.

आखाताशिवायही वाटा आहेत. इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या परीक्षा द्याव्या लागतात. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला, त्यात नर्सही आहेत. मात्र जर्मन भाषा चांगली यावी लागते. त्यात वर्ष सहज जाते, आणि तिथले कागद पुरे होईपर्यंत मदतनीसाच्या कमी पगारावर राबावे लागते. ही वाट लांबची, पण रान गहाण टाकण्याची नव्हे.

आणखी एक. आपल्याकडे बारशाचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. लग्न झाले की चौथे! परदेशी एक अक्षर इकडेतिकडे झाले तरी फाईल अडते. दहावीचे प्रमाणपत्र, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, पासपोर्ट, सगळीकडे नाव आणि जन्मतारीख एक आहे का, ते आजच बसून पाहा. अस्सल कागद एजंटाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. नेमणुकीच्या करारात पगार, ड्यूटीचे तास, राहण्याची सोय आणि मध्येच सोडले तर दंड किती, हे वाचल्याखेरीज सही नको.

आणि बाई, रान गहाण पडले, तर भाद्रपदात रोपे कुठे लावणार? पहिल्या वर्षाचा हप्ता कोणत्या पिकावर फेडणार?

तुमचे पत्र चार पानी आहे. एजंट काय म्हणाला, मालक काय म्हणाले, मामा काय म्हणाले, सगळे आहे. जिला जायचे ती काय म्हणते, ते कुठेच नाही. पुढचे पत्र तिला लिहू द्या.