कारणांविना निकाल

डिसेंबर 2016. ‘पेरू देतो’ म्हणून नागपुरातल्या एका माणसाने बारा वर्षांच्या मुलीला घरात नेले आणि तिच्या अंगाला हात लावला. त्या गुन्ह्याचा अखेरचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी दिला. मधल्या काळात त्या मुलीपेक्षा गाजल्या त्या खटल्यातल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश.

सत्र न्यायालयाने बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली सुनावलेली तीन वर्षांची शिक्षा न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात एक वर्षावर आणली. स्पर्श कपड्यांवरून झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, तेव्हा हा केवळ विनयभंग, असा त्यांचा निष्कर्ष. शिक्षा कडक तर पुरावाही तितकाच कडक हवा, हे त्यांचे सूत्र खोटे नाही. लावले मात्र भलत्या जागी. मग हातमोजे घालून अंगाला हात लावणारा सुटणार का, असे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी विचारले आणि त्या तर्काची शिवण उसवली. महत्त्वाचा तो लैंगिक हेतू, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा पुन्हा लागू केली. लोकांचा संताप रास्त होता आणि चूक दहा महिन्यांत, भर न्यायालयात, कारणे लिहून दुरुस्त झाली.

न्या. गनेडीवाला यांचा स्वतःचा निकाल मात्र बंद दाराआड लागला. 2007 पासून जिल्हा न्यायाधीश, 2019 मध्ये उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश. त्या वादग्रस्त निकालानंतर त्यांना कायम करण्याची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने (कॉलेजियमने) मागे घेतली, मुदतवाढ मिळाली ती एकाच वर्षाची. फेब्रुवारी 2022 मध्ये मुदत सरता सरता त्यांनी राजीनामा दिला. पुढे निवृत्तिवेतनासाठीही त्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो हक्क जुलै 2025 मध्ये मान्य झाला.

न्यायवृंदाचे बरोबरही असेल. जानेवारी 2021 मधले गनेडीवाला यांचे इतर निकालही टीकेचे धनी झाले होते. पण कारणेच उघड नसली, की तालुक्याच्या कोर्टातला न्यायाधीश आपल्यापुरता धडा घेतो: सौम्य शिक्षा दिली तर नोकरीवर बेतते, कठोर शिक्षेला कुणी जाब विचारत नाही. या धास्तीची किंमत मोजतो तो चांगला वकील न परवडणारा आरोपी.

त्या पेरूवाल्यालाही आपण दोषी का, हे लेखी मिळाले. न्यायाधीशाला घरी पाठवताना तेवढे तरी द्यायला हवे.