थुंकी नको, डोळे दाखव!

आईला काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेली होती. दुखलं नाही, खुपलं नाही, त्यामुळे तिला स्वतःलाही पत्ता नव्हता. गेलेली नजर परत येत नाही. रोजचे थेंब घालायचे ते उरलेली राखायला.

तेव्हापासून मी घरात सगळ्यांच्या मागे लागलेय, डोळे तपासून घ्या म्हणून. परवा दादा फोनवर म्हणाला, "अगं, मी जीन टेस्टच करून टाकतो. नळीत थुंकायचं, रिपोर्ट मोबाईलवर. निगेटिव्ह आला की विषय संपला!"

नाही रे दादा, संपत नाही. म्हणून ही पोस्ट. (मावशी, मामा, तुम्हीही वाचा. तुम्ही तिची सख्खी भावंडं आहात.)

काचबिंदूशी संबंध असलेलं मायोसिलिन हे जनुक १९९७ साली सापडलं. प्रौढांमधल्या नेहमीच्या काचबिंदूत फार तर ३-४ टक्के रुग्णांत त्यात दोष मिळतो. म्हणजे बाकी बहुतेकांचा हा रिपोर्ट 'निगेटिव्ह'च येणार, आणि काचबिंदू तर आहेच! पुढे २००७ मध्ये, डोळ्यात कोंड्यासारखे कण साचून होणाऱ्या काचबिंदूशी जोडलेले जनुकीय बदल आइसलंड आणि स्वीडनमध्ये सापडले. त्यातला एक जवळजवळ सगळ्या रुग्णांत होता... आणि बहुतेक निरोगी माणसांतही होता. दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत तर हिशेब नेमका उलटा निघाला. आता बोला!

रक्तातल्या होमोसिस्टीनचं किंवा डोळ्यातल्या द्रवातल्या रसायनांचंही तेच. रुग्णांच्या गटाची सरासरी वेगळी दिसते, अभ्यासकांना त्यातून रोग समजायला मदत होते. पण एकट्या दादाला काचबिंदू आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

जनुकतपासणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तान्ह्या बाळांच्या काचबिंदूत, किंवा घराण्यात मायोसिलिनचा दोष आधीच सापडला असेल तर तिचा उपयोग होतो. माझं भांडण आहे ते तिच्या आड लपण्याशी.

कारण सर्वांत मोठी खूण आपल्याला फुकटात मिळालीय, ती म्हणजे आई. रॉटरडॅमच्या १९९८ च्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना आयुष्यात काचबिंदू होण्याचा धोका २२ टक्के निघाला. ज्यांच्या घरी काचबिंदू नव्हता त्यांना २.३ टक्के. याहून मोठा मार्कर कुठली नळी देणार आहे?

आणि तपासायचं म्हणजे नुसता चष्म्याचा नंबर नव्हे, बरं का. डोळ्यातला दाब, बाहुली मोठी करून मागची नस, डोळ्याचा कोन आणि गरज वाटली तर कडेच्या नजरेचा आलेख. दाब नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नाही, नॉर्मल दाबातही नस सुकते.

असो. दादा, शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय, तुझी आणि माझी. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी आणू नकोस. रिक्षाचे पैसे माझे!