धृतराष्ट्राला ऐकू येत होते

सत्तेवरच्या माणसाला ‘धृतराष्ट्र’ म्हटले की टाळी हमखास पडते; मग सभा कोल्हापूरच्या बिंदू चौकातली असो की मुंबईतली. ही उपमा मला चुकीची वाटते, कारण ती आरोपीला अलगद सोडवते. ज्याला दिसतच नाही, त्याला जाब कसला विचारायचा? महाभारतातला धृतराष्ट्र माहितीअभावी चुकलेला नाही. द्यूत मांडू नका, म्हणून विदुराने आधीच बजावले होते. डाव रंगात आला तेव्हा हाच राजा ‘जिंकले का?’ असे अधीरपणे विचारत होता. युद्धाच्या तोंडावर व्यासांनी दृष्टी देऊ केली, तर कुळाचा संहार पाहवणार नाही, नुसता ऐकेन, असे म्हणून त्याने ती नाकारली. सारे काही त्याच्या कानांवर पडत होते. ऐकून स्वस्थ बसणे, हा त्याचा अपराध.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या रंगभूमीवर सोफोक्लीज याच दुखण्यावर बोट ठेवत होता. त्याचा ‘राजा ओयदिपौस’ पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणला. डोळस राजाला सत्य दिसत नाही, आंधळ्या द्रष्ट्याला, तायरेसियसला, दिसते आणि शेवटी राजा राणीच्या वस्त्राचे सोन्याचे काटे काढून स्वतःचे डोळे फोडून घेतो, असे या नाटकाचे सार सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. तायरेसियसला कळते कसे, ते त्याच नाटककाराच्या ‘अँटिगनी’त पाहावे. पक्षी एकमेकांना ओरबाडत असल्याचा कलकलाट त्याने स्वतः ऐकलेला असतो. वेदीवरचा बळी पेट घेत नाही, चरबी नुसती वितळून धुमसते आहे, हे मात्र त्याला हाताला धरून चालवणारा पोरगा सांगतो. म्हणजे या द्रष्ट्याचे ज्ञान तीक्ष्ण कानांवर आणि एका पोराच्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासावर उभे आहे. राजे त्याला काय म्हणतात? ओयदिपौस म्हणतो, तू राणीच्या भावाच्या, क्रेऑनच्या, कटात सामील आहेस. पुढे ‘अँटिगनी’त क्रेऑन स्वतः गादीवर असतो आणि म्हणतो, तुम्ही सगळे पैशाला विकले गेलेले. गादीवरचा माणूस बदलला, उत्तर तेच राहिले.

ओयदिपौसचे प्राक्तन आधीच ठरलेले होते, मग त्याला दोष का द्यायचा, असे कोणी विचारील. बापाची हत्या आणि आईशी लग्न हा भाग नियतीचा खराच. पण तो सगळा नाटकाआधीचा. रंगमंचावर आपल्यापुढे घडते ते इतकेच, की सांगणाऱ्याशी राजा कसा वागतो. आणि इथे ओयदिपौसला त्याचे श्रेय द्यायलाच हवे. राणी थांब म्हणते, म्हातारा धनगर गयावया करतो, तरी जे भयंकर आहे ते ऐकल्याशिवाय तो हटत नाही. धृतराष्ट्रापेक्षा तो थोर ठरतो तो इथे. डोळे फोडल्यावर तो म्हणतो, जमले असते तर कानही बंद करून घेतले असते. सोफोक्लीजने त्याचे कान शाबूत ठेवले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंधत्व म्हणजे अज्ञान, ही प्रतिमाच अंध माणसांचा अपमान करते. हे मला मान्य आहे, आणि ‘आंधळा कारभार’ हा शब्दप्रयोग आपण वृत्तपत्रांतून सोडून द्यावा असेही वाटते. वि. स. खांडेकरांची दृष्टी शेवटच्या वर्षांत गेली होती. त्यांना अज्ञानी म्हणण्याची कोल्हापुरात कोणाची छाती आहे? पण हा दोष सोफोक्लीजच्या माथी मारता येत नाही. त्याच्या नाटकात अज्ञानी आहे तो डोळस राजा.

आता आपल्याकडे पाहू. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला २०१२ उजाडले, तेही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. मग समितीला विकासविरोधी ठरवून झाले. कोल्हापूरच्या पंचगंगेच्या पूररेषाही, निळी आणि लाल, नकाशावर आखलेल्या आहेत. त्या वाचायला दिव्यदृष्टी लागत नाही. तिच्या २०१९ च्या पुराचे सगळे खापर एका दुर्लक्षावर फोडणे अन्यायाचे होईल, त्या वर्षीचा पाऊस अफाटच होता. पण २००५ चा पूरही आपण सगळ्यांनी पाहिलेला होता. तेव्हा पुढच्या सभेत धृतराष्ट्राचे नाव घेण्याऐवजी वक्त्यांनी साधा प्रश्न विचारावा: तुम्हाला हे कोणी, कधी सांगितले होते आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिले? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते.