इंजिनातला संधी

‘संधी’ हा शब्द मोठा खट्याळ आहे. व्यवहारात तो स्त्रीलिंगी, व्याकरणात पुल्लिंगी. आम्हां मराठीच्या मास्तरांना दुसऱ्याशीच कर्तव्य! दोन वर्ण शेजारी आले की एकाला तरी आपले रूप सोडावे लागते, हा त्याचा कायदा. इंग्लंडातल्या जुन्या मोटोक्रॉस गाड्यांना, म्हणजे चिखलखड्ड्यांतून शर्यत खेळणाऱ्या मोटरसायकलींनाही, तो तंतोतंत लागू पडतो.

बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याचे एक घराणे पाहा. थोरली सी-१५, साल १९५८. बोअर ६७ मिलिमीटर, स्ट्रोक ७०. पाठची बी-४०, तिचा बोअर ७९ झाला, स्ट्रोक तोच राहिला आणि इंजिन ३४३ सीसीचे झाले. पुढे बी-४४ आली. बोअर तोच, स्ट्रोक मात्र ९०. झाले ४४१ सीसी! याच घराण्यातल्या गाडीवर जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ साली ५०० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. घरच्याच भांड्यांत गावजेवण उरकले म्हणायचे.

मग बी-४० मध्ये बी-४४ चा क्रँक घातला की काम झाले, असे वाटेल. पण बाकी सारे तसेच ठेवून स्ट्रोक २० मिलिमीटर वाढवला, तर पिस्टन १० मिलिमीटर अधिक वर जाणार आणि हेडवर आदळणार. म्हणून सिलिंडर उंच हवा. तो मिळाला, तरी दाबाचा प्रश्न उरतोच. समजा, पिस्टन वर असताना हेडखाली ४९ सीसी जागा उरते. ३४३ सीसीला दाबाचे प्रमाण आठास एक पडते; तेवढ्याच जागेत ४४१ सीसी कोंबले की दहास एक. म्हणजे पिस्टनचा माथा तरी बदला, हेड तरी. पाव इंची बोल्टांचेही तेच. जुन्या सायकल-आट्याचे इंचाला २६ आटे, नंतरच्या युनिफाइडचे २८. हाताला दोन्ही सारखेच लागतात. पाना जोराने फिरवला की आटे गेलेच!

बर्मिंगहॅमला राहणारा माझा पुतण्या असेच एक इंजिन जुळवून बसला आहे. ‘‘काका, अस्सल बी-४४ म्हणून विकले तर भाव चांगला येईल,’’ असे तो परवा फोनवर म्हणाला. मी त्याला आपल्या गोधडीची आठवण दिली. शालूचे तुकडे लावले, तरी गोधडी ती गोधडीच. तिच्यात लाज कसली? पण ती शालू म्हणून विकू नये. १९७१ मध्ये बी.एस.ए.चा शर्यत-विभाग मिटला, तेव्हा तिथले सुटे भाग घेऊन अ‍ॅलन क्लूज यांनी बोल्टनला सी.सी.एम. या गाड्या बांधल्या. त्यांना कोणी तोतया म्हटले नाही. कारण त्यांनी आपले नाव स्वतःच सांगितले.

आणि हा केवळ नीतीचा प्रश्न नाही. सांधा लपवला, तर पुढचा मालक केसिंगवरचा नंबर पाहून भलताच पिस्टन मागवील, आणि भर चिखलात इंजिन जाम होईल. म्हणून काय बदलले ते एका वहीत लिहावे आणि ती वही गाडीबरोबर द्यावी. व्याकरणात संधी करणाऱ्याला विग्रहही यावा लागतो. गॅरेजमध्येही त्यावाचून सुटका नाही.